अंगावरची खूण

ज्वारी उपटायला बाई मिळणं हल्ली मंत्र्याची भेट मिळण्याइतकं अवघड झालं आहे. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या अजून परतल्या नव्हत्या, तरणी पोरं पुण्याच्या कंपन्यांत होती, आणि जी गावात उरली होती त्यांना मोबाईलमधून मान वर करायला सवड नव्हती. बजाबाईनं हातापाया पडून चार बाया गोळा केल्या होत्या. त्यातली चिंगूबाई हातापेक्षा तोंडच जास्त चालवत होती. पण तिला बोलून चालणार नव्हतं. बोललं असतं तर ती विळा-फडकं उचलून पलीकडच्या रानात गेली असती, आणि तिथल्यांनी तिला चहा पाजून ठेवून घेतलं असतं.

दोन दिवसांपासून मावळतीला ढग धरत होते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी मोत्यासारखी असते खरी, पण काढणीला आल्यावर तिच्यावर चार थेंब पडले की दाणा काळा पडतो आणि मग तिला कुत्रं हुंगत नाही. म्हणून बजाबाई सकाळपासून वाकलेली ती वाकलेलीच होती. दोन-तीन धाटं बुडाशी धरायची, पिळा द्यायचा, हिसका मारायचा, मुळाचं ढेकूळ पायावर आपटून माती झाडायची आणि धाटं बाजूला टाकायची. अठ्ठावन्न वर्षांच्या हाताला हे सोसत नाही. तळहाताला चिरा पडल्या होत्या आणि त्यांत माती भरली होती. हिसका मारला की मनगटातल्या हिरव्या बांगड्या खळकन वाजायच्या. बाकीच्या बाया रानात येताना एखादीच बांगडी ठेवतात, तीही प्लास्टिकची. बजाबाई काचेच्या अर्धा-अर्धा डझन घालून यायची. एखादी फुटली तर संध्याकाळी सरदारबी मणेरणीच्या दारात जाऊन तिची जोड भरून घ्यायची, मगच जेवायची.

"आत्ती, गाडी आली बग," मंजुनाथ पेंढी बांधता बांधता म्हणाला. मंजुनाथ तिच्या भावाचा मुलगा, विजापूरकडचा. कानडी मुलखातून लहानपणीच तिनं आणलेला. तो आणि त्याची बायको ऋतुजा, एवढंच तिचं घर.

गाडी बांधापाशी थांबली. ढेकळांतून बूट सांभाळत एक म्हातारा आला. निवृत्त सुभेदार. सोलापूरला माजी सैनिकांच्या कचेरीतून जवानांच्या घरी निरोप पोचवायचं काम करायचा. तो जवळ आला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. टोपी काढलेली बघितली आणि बजाबाईच्या हातातली धाटं गळून पडली.

"बजाबाई कुंडलिक लेंडवे आपणच ना?"

"व्हय."

"सावलीला बसू या का, ताई?"

रानात सावली नव्हतीच. बांधावरच्या बोरीखाली दोघं बसले. चिंगूबाईनं उपटायचं थांबवलं. बाकीच्यांनीही थांबवलं.

सुभेदारानं सांगायला सुरुवात केली. दर उन्हाळ्यात बर्फ मऊ पडलं की तिकडं सरहद्दीवर, हरवलेल्या जवानांना शोधायला तुकडी जाते. लांब सळ्या बर्फात खुपसत, कुत्री घेऊन, एकेक पट्टा तपासत पुढं सरकते. कित्येक वर्षं काही हाती लागलं नाही. आता बर्फच पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हटत चाललंय. गेल्या मोसमात कड्याच्या खाली, पूर्वी जिथं शोधलं होतं त्याच्या बऱ्याच खाली, सापडलं.

"काय सापडलं?" मंजुनाथनं विचारलं.

"एका पायाची हाडं. बुटासकट. आणि थोडी बाकीची. गळ्यातला बिल्ला आहे, पण अर्धा झिजलाय. बर्फाखाली गेलेल्या तुकडीतले दोघंजण मिळाले नव्हते. एक कुंडलिक, दुसरा बेळगावकडचा. त्या दोघांपैकीच एक आहेत."

 कुंडलिकच्या तुकडीवर बर्फाची कडा कोसळली तेव्हा बजाबाईच्या लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती. सासरा जिवंत होता तोवर दर साली भाकरी बांधून बेळगावला पलटणीत जायचा. तिथं त्याला चहा मिळायचा, बसायला खुर्ची मिळायची आणि 'बाबा, शोध चालू आहे' एवढं ऐकायला मिळायचं. म्हातारा परत यायचा आणि चावडीवर सगळ्यांना सांगायचा, शोध चालू हाय. पुढं म्हातारा गेला, सासू गेली. सरकारनंही सात वर्षं वाट बघून कुंडलिकला मेलेला धरलं आणि बजाबाईला पेन्शन सुरू केली. ती पेन्शन आणायला ती बँकेत जायची ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. कारकून आधी कागद बघायचा, मग कपाळ बघायचा आणि खाली मान घालून शिक्का मारायचा. सरकारदरबारी विधवा आणि गावात सवाशीण, असं तिचं दोन्हीकडं चाललं होतं. गावातही धड नव्हतंच. लग्नाघरी ओटी भरायला बायका बसल्या की हिच्यापाशी येऊन करंडा घुटमळायचा. कुणी कुंकू लावायची, कुणी बघितलंच नाही असं करून पुढं सरकायची.

"ताई, त्यांच्या अंगावरची काही खूण सांगता येईल का?" सुभेदारानं हळूच विचारलं. "जुनी जखम, मोडलेलं हाड, दात, काहीही. हाडावरची असली तर उत्तमच."

बजाबाई आठवू लागली.

तिला काहीच सांगता येईना. कुंडलिक दोन रजांना आला होता. अकरा माणसांचं घर, दिवसा सासऱ्यापुढं आणि चुलत दिरांपुढं डोक्यावरचा पदर खाली यायचा नाही, आणि रात्री कंदील फुंकल्यावर काय दिसणार? त्याचा आवाज तिला आठवत होता. अंगाचा घामाचा आणि पितळ घासायच्या पॉलिशचा वास आठवत होता. चेहरा म्हणाल तर भिंतीवरच्या फोटोतला. खांद्यावर तीळ होता का, पाठीवर व्रण होता का, पाय सरळ होता की फेंगडा, तिला ठाऊक नव्हतं. आयुष्य काढलं त्याच्या नावानं, आणि तो कसा होता हे विचारलं तर उत्तर नाही. चार बाया कान टवकारून उभ्या होत्या. बजाबाईला वाटलं, जमीन फाटली तर बरं.

"न्हाय ध्यानात येत," ती म्हणाली.

"असू द्या, असू द्या. मग रक्त घ्यावं लागेल. त्यावरून नक्की ठरतं."

बजाबाईनं लगेच पदर सावरून हात पुढं केला. "घ्या की. किती लागतंय?"

सुभेदारानं मंजुनाथकडं बघितलं, मग जमिनीकडं. "तुमचं नाही चालत, ताई. रक्ताचं नातं लागतं. आई, भाऊ, बहीण, मूल."

पुढं केलेला हात तिनं हळूच मागं घेतला. चिंगूबाई म्हणाली, "अगं बया, इतकी वर्सं कुंकू चालतंय आनि रगत चालंना?" आणि तिला कुणी गप्प केलं नाही, कारण ते सगळ्यांच्याच मनात होतं.

"भन हाय त्येंची," बजाबाई म्हणाली. "थोरली. माळशिरसला."

"मग त्यांना सोलापूरला घेऊन या. आणि ताई…" सुभेदार उठता उठता थांबला. "सक्ती नाही. नाही आणलंत तर आम्ही काही म्हणणार नाही. हाडांची पेटी तिकडं राहील. नाव नसलेली."

तो गेल्यावर बजाबाई पुन्हा पात धरून उपटायला लागली.  दिवस बुडेपर्यंत हिसका मारताना तीन बांगड्या फुटल्या.

संध्याकाळी सरदारबीच्या ओट्यावर ती बसली. सरदारबी सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. पण बांगडी भरायला हात अजून लोण्यासारखा. बजाबाईचा पंजा दाबून, अंगठा आत वळवून ती बांगडी सरकवू लागली आणि तळहात बघून थबकली.

"या अल्ला. काय करून घेतलीस गं ही हाताची दशा?"

"ज्वारी उपटाय लागलोय, भाबी."

"ते दिसतंय मला. आरिफनं सांगितलं, गाडी आलती म्हनं." आरिफ तिचा मुलगा. मंगळवेढ्याच्या स्टँडवर रिक्षा चालवायचा, आणि तालुक्यातली कुठलीही बातमी आधी त्याच्या रिक्षात बसायची.

बजाबाईनं सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं नाही. खुणेचं सांगताना मात्र आलं.  बांगड्या भरून झाल्यावर बजाबाईनं रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला, आणि सरदारबीनं रीतीप्रमाणं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात मात्र तिनं लगेच काढून घेतला नाही.

"नणंदेकडं, गोजरबाईकडं जाशील?"

"तोंड न्हाय मला जायला. त्येंचा ठाव न लागता बारा वर्सं झाली तवा ती म्हनाली, भावाचे दिवस करू या. मी तिला उंबऱ्यातनं हाकलली हुती, भाबी. म्हनलं, तुज्या भावाचे कर, माजा नवरा जिता हाय."

"मग नगं जाऊ."

"ते तितं बर्फात हायती."

"मग जा."

"जाऊन मीच आनायचं? मीच जाऊन रगत मागायचं आनि मीच…" बजाबाईनं पुढचं बोलायच्या ऐवजी मनगटाकडं बघितलं. नुकत्याच भरलेल्या तीन बांगड्या बाकीच्यांपेक्षा जास्त हिरव्या दिसत होत्या.

सरदारबीनं बांगड्यांच्या पेटीचं झाकण लावलं. "हे बग बजा, मी बांगड्या भरनारी बाई. मला इचारशील तर मी भरच म्हननार. तुजं तू ठरीव."

सकाळी पहिल्या एसटीनं बजाबाई निघाली. ढग तसेच होते. मंजुनाथ म्हणाला, आधी ज्वारी घरात येऊ दे, मग जा. तिनं ऐकलं नाही. एवढंच म्हणाली, "भिजली तर काळी खाऊ." थोडी कणसं बडवून बरोबर नव्या ज्वारीचं गाठोडं घेतलं. नणंदेशी इतकी वर्षं अबोला होता, पण सुगी झाली की माहेरच्या ज्वारीचं एक पोतं माळशिरसला जायचं ते कधी चुकलं नव्हतं. कुणाच्या तरी टेम्पोत टाकायचं, निरोप द्यायचा नाही. तिकडून रिकामं पोतं धुऊन, घडी घालून परत यायचं, त्यातही निरोप नसायचा. दोघींचं बोलणं म्हणाल तर एवढंच चालू होतं.

पंढरपूरला गाडी बदलून ती माळशिरसला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इकडं पाणी होतं, ऊस होता. गोजरबाईच्या दारापुढं उसाची वाढं पडली होती आणि बाजेवर तिचा नवरा बिभीषण दम्यानं धापा टाकत बसला होता. त्यानं बजाबाईला ओळखलं, आणि बाजेवरून उठायची धडपड केली. आत हाक मारली, "आगं, माह्यारचं मानूस आलंय."

गोजरबाई दारात आली. सत्तर ओलांडलेली, कंबरेत वाकलेली. तिनं आधी गाठोडं बघितलं, मग बजाबाईचं कपाळ.

"दर साली पोतं यायचं. आवंदा तूच कशी आलीस?"

"पाया पडते, वन्सं."

"पड आनि बोल."

बजाबाईनं उंबऱ्याच्या बाहेरच बसून सांगितलं. गोजरबाई खांबाला टेकून ऐकत होती. रक्ताचं आलं तशी ती म्हणाली, "न्हाय."

"वन्सं…"

"मी देनार न्हाय. माज्या भावाचं सगळं झालंय."

बिभीषण खोकला. "सांग की तिला. आता काय लपवायचंय?"

"तुमी गप बसा."

पण तो गप्प बसला नाही. धापा टाकत, मध्ये थांबत त्यानंच सांगितलं. बजाबाईनं हाकलून दिलं त्याच साली ही दोघं नरसिंगपूरला संगमावर गेली होती. भटजीनं पळसाच्या पानांचा पुतळा करून दिला. डोक्याच्या जागी नारळ. गोजरबाईपाशी कुंडलिकचा एक जुना सदरा होता, तो पुतळ्याच्या अंगावर घातला. बिभीषणनं भडाग्नी दिला. राख पाण्यात सोडली. गावात कुणाला सांगितलं नाही.

बजाबाईनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. एका घरात तिनं त्याला जिवंत ठेवलं होतं आणि दुसऱ्या घरात त्याला जाळून, दर साली पितरात जेवू घालत होते. तिला राग यायला हवा होता. पण रान उपटून उपटून अंगात रागाएवढंही बळ उरलं नव्हतं.

"का केलंसा, वन्सं? मला न इचारता?"

"तुला इचारून हाकलून घ्यायला?" गोजरबाई खाली बसली. बसताना तिचे दोन्ही गुडघे वाजले. "त्यो येत हुता गं. रोज सपनात यायचा. दारात हुबा ऱ्हायचा आनि म्हनायचा, अक्का, गार लागतंय. मी वाकळ द्यायला उठायची आनि जागी व्हायची. किती दिस सोसायचं? म्हनलं, जाळ लागल तवाच ऊब ईल त्येला. म्हनून केलं. भटजी म्हनला, हे करताय खरं, पन मानूस जिता परत आला तर त्येला पुन्यांदा पाळन्यात घालून बारसं करावं लागतंय. म्हनलं, घालीन की. आदी एकदा कडंवर घेऊन वाढिवलाय, आनि एकदा वाढवीन."

ती पदरानं तोंड पुसू लागली. पुसून होईना.

"जाळल्यावर सपनं थांबली. आनि आता तू सांगत आलीस, त्यो अजून बर्फातच हाय. मग माज्या त्या जाळाची ऊब कुनाला लागली गं? मी कुनाला जिवू घातलं इतकी वर्सं? रगत देऊन मी तेवढंच इकत घेऊ व्हय, की माजं सगळं वाया गेलं?"

 बिभीषणचा श्वास तेवढा शिट्टीसारखा वाजत होता.

"सपनात आलं न्हायती न्हवं परत?" बजाबाई म्हणाली.

"न्हाय."

"मग लागली असंल ऊब. नसती लागली तर आलं असतं."

गोजरबाईनं तिच्याकडं बघितलं. तेव्हाच बहुधा तिच्या ध्यानात आलं की ही बाई काय मागायला आली आहे. सगळ्या गावाशी भांडून जिनं कुंकू राखलं, तीच ते पुसायचं सामान गोळा करत हिंडते आहे. गोजरबाई उठली, आतून एरंडेलाची बाटली आणली आणि बजाबाईचे हात ओढून मांडीवर घेतले. चिरांत तेल भरताना ती एकदम म्हणाली, "कंचा पाय घावला?"

"आं?"

"डावा का उजवा?"

बजाबाईनं ते विचारलंच नव्हतं. तिची मान खाली गेली. "न्हाय इचारलं."

"येडीच हैस. डाव्या नडगीला गाठ हाय त्येच्या. पाच-सा वर्साचा आसल. आमचा पवळ्या बैल. गोठ्यात शेन काढाय गेला आनि लाथ बसली. हाड मोडलं. मी कडंवर घेऊन वैदूकडं गेलते. बरं झालं, पन बोटभर गाठ ऱ्हायली. पळायला काय नडली न्हाय म्हनून पलटनीत घेतला त्येला." तिनं स्वतःच्या नडगीवर, गुडघ्याच्या खाली चार बोटं मोजून जागा दाबली. "हितं. तुला कदी दिसली न्हाय?"

"न्हाय," बजाबाई म्हणाली. आणि मग, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं तेही तिच्या तोंडून गेलं, "मला त्येंचं कायच दिसलं न्हाय, वन्सं."

गोजरबाई बराच वेळ तेल चोळत राहिली.

"उंद्या सकाळच्या गाडीनं जाऊ सोलापूरला," ती म्हणाली. "आत ये. उंबऱ्यात बसू नगं."

सोलापूरच्या दवाखान्यात गोजरबाईची शीर लवकर मिळाली नाही. दोनदा सुई टोचली. ती हूं की चूं न करता बसली आणि नळीत रक्त चढलं तेव्हा बजाबाईला म्हणाली, "बग, आमच्या घरचं." बजाबाई गावी परतली त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. मंजुनाथनं आणि ऋतुजानं जमेल तेवढी ज्वारी ताडपत्रीखाली ढकलली होती, तरी उभं होतं ते भिजलं. त्या साली तिनं काळ्या ज्वारीची भाकरी खाल्ली. कुणाला बोल लावला नाही.

उन्हाळा गेला. मृग आणि आर्द्रा नक्षत्रं कोरडी गेली आणि भादव्यात बरे पाऊस झाले. पेरणीला रान तयार करून ठेवलं होतं तेव्हा सुभेदाराचा फोन आला. रक्त जुळलं होतं.

पेटी आली त्या दिवशी गावाच्या वेशीपासून चौकापर्यंत फलक लागले होते. फलकावर कुंडलिकचा फोटो होता, बावीस वर्षांचा, बारीक मिशीचा. त्याच्या वरच्या बाजूला त्याच्यापेक्षा मोठे असे पाच पुढाऱ्यांचे फोटो होते. त्यातले दोघे कुंडलिक हरवला तेव्हा जन्मलेही नव्हते. बँड आला, शाळेची मुलं रांगेत आली, भाषणं तयार होती. जवानांनी खांद्यावरून पेटी आणली ती मात्र एवढीशी होती. जवान सावकाश चालत होते, आणि ओझं काही नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

घरात मधल्या खोलीत पेटी ठेवली. गोजरबाई आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. ती पुढं झाली आणि पेटीबरोबर आलेल्या तरुण साहेबाला म्हणाली, "उगड."

"आजी, पेटी उघडायची नसते."

"मी त्येला कडंवर हिंडीवलाय. एकदा पानाचा करून जाळलाय. आता तरी बगू दे."

साहेबानं सुभेदाराकडं बघितलं. सुभेदारानं पुरुषांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि स्वतः पाठ फिरवून दारापाशी उभा राहिला. साहेबानं कड्या काढल्या. आत पांढऱ्या कापडात बांधलेलं होतं. कापडाची गाठ सोडू नका, एवढं तो म्हणाला.

गोजरबाईनं गाठ सोडली नाही. कापडावरूनच हात फिरवू लागली. आंधळा माणूस भिंत चाचपतो तशी तिची बोटं हळूहळू सरकत होती. एका जागी ती थांबली. मागं गेली, पुन्हा तिथंच आली.  मग तिनं न बघता बाजूला हात केला, बजाबाईचं मनगट धरलं आणि तिची बोटं कापडावर टेकवली.

"हितं," ती म्हणाली. "लागतंय का?"

बजाबाईच्या बोटांना घट्टे पडले होते. आधी काही कळलं नाही. मग कळलं. कापडाखाली सरळ जाणारं हाड एका जागी उंच झालं होतं, बोटभर, गुळगुळीत. तिनं ते एकदा चाचपलं, परत चाचपलं. कुंडलिक तिला पहिल्यांदाच असा दिवसाउजेडी, माणसांदेखत हाताला लागत होता. ती हाडाच्या त्या गाठीवर तळहात ठेवून बसली आणि तिथंच, पेटीच्या कडेवर कपाळ टेकून मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांत गावानं तिला अशी रडताना बघितलं नव्हतं. कपाळावरचं कुंकू पेटीला लागलं आणि साहेबानं ते पुसलं नाही.

दहन झालं. बंदुका झाडल्या, कुत्री भुंकली, भाषणं झाली. घरी आल्यावर गावातल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या पाटा आणि दगड घेऊन अंगणात आल्या. रीत ती रीत. त्यांनी बजाबाईचा हात धरला.

"थांबा," सरदारबी म्हणाली. गुडघ्यांवर हात देत ती सकाळपासून कोपऱ्यात बसून होती. "मी भरल्यात. मी काडते. फोडायच्या न्हाईत."

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं. गोजरबाईनं दगड उचलून भिंतीकडेला नेऊन ठेवला, तसा प्रश्न मिटला.

सरदारबीनं तांब्याभर पाणी आणि साबणाची वडी मागवली. बजाबाईच्या हाताला फेस चढवला, पंजा दाबला, अंगठा आत वळवला आणि एक बांगडी उलटी, बोटांकडं सरकवत बाहेर काढली. अख्खी. ती पदरावर ठेवली. मग दुसरी. इतकी वर्षं जे हात घालायला शिकले होते ते आता काढत होते, आणि घालण्यापेक्षा काढायला त्यांना जास्त वेळ लागत होता. सरदारबीच्या डोळ्यांतून पाणी फेसात पडत होतं, पण हात कुठं चुकला नाही.

अंगणात बायका दाटून बसल्या होत्या. चिंगूबाईला गप्प बसवेना. ती शेजारणीला सांगावं तशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता खरंच त्योच हाय का कोन, काय सांगावं बाई. हाडं काय, सगळ्यांची सारकीच."

 गोजरबाई काहीतरी कडक बोलायला वळली. तिच्याआधी बजाबाई बोलली. तिचा एक हात उघडा झाला होता आणि दुसरा सरदारबीच्या हातात होता.

"डाव्या नडगीला गाठ हाय त्येंच्या," ती म्हणाली. "गुडघ्याच्या खाली चार बोटं. पाच-सा वर्साचं हुतं तवा पवळ्या बैलानं लाथ मारलेली. मी हात लावून बगितलंय."

सरदारबीनं शेवटची बांगडी काढून पदरावर ठेवली.

"बायकू हाय मी त्येंची," बजाबाई म्हणाली. "मला ठावं नसंल, तर कुनाला असंल?"